छळछावणी : एका शब्दाचा पंचनामा

या सदरात वर्षभर मी एकेका शब्दाची कुळकथा सांगत असतो. कधी 'पागोटे', कधी 'वशिला', कधी 'उधारी'. वाचक पत्रे पाठवतात, माझी व्युत्पत्ती कुठे घसरली ते प्रेमाने दाखवून देतात, आणि आमचा हा संसार गोडीगुलाबीने चालतो. दिवाळी अंकासाठी एखादा खमंग शब्द घ्यावा, असे माझ्याही मनात होते. 'चकली'वर टिपणे काढून ठेवली होती. पण श्रावणात एका निबंधाच्या वहीत एक शब्द भेटला आणि तो काही केल्या माझी पाठ सोडीना. चकलीची क्षमा मागून आज त्याच्याविषयी लिहितो. वाचकांनी फराळ आटोपून मग हे पान उघडावे, एवढीच विनंती.

झाले असे. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी 'माझे वसतिगृह' असा निबंध घातला होता. एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले होते : "आमचे वसतिगृह म्हणजे एक छळछावणीच आहे." मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो. एवढेच नव्हे, तर समासात तांबड्या शाईने 'उपमा छान' असा शेराही मारला. ती उपमा नव्हती, रूपक होते, ही चूक वेगळीच.

रात्री वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून निजलो, पण तो शेरा डोळ्यांपुढून जाईना. शब्दांची विचारपूस करणे हा ज्याचा धंदा, त्याने या शब्दाला दारातूनच 'छान' म्हणून वाटेला लावले होते. त्याच्यामागे कोण कोण उभे आहे, हे डोकावून पाहिलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालय गाठले. पुढले दोन महिने जे वाचले, त्याचा हा पंचनामा.

पंचनाम्यात आधी जागेचे वर्णन असते. आपली जागा म्हणजे शब्द. 'छावणी' हा मुळात मायेचा शब्द आहे. छावणे म्हणजे आच्छादणे, शाकारणे. पावसाळा आला की मराठी फौजा मुलूखगिरी थांबवून, छपरे घालून एका जागी राहत, ती छावणी. दुष्काळात गुरांसाठी उघडतात तीही छावणीच. डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात चाऱ्याच्या दोन पेंढ्या, असा त्या शब्दाचा घरगुती अर्थ.

'छळ'ची गोष्ट निराळी. संस्कृतात 'छल' म्हणजे कपट, फसवणूक. न्यायशास्त्रात तर ती पारिभाषिक संज्ञा आहे. वादात दुसऱ्याच्या शब्दाचा अर्थ मुद्दाम फिरवून घ्यायचा, याचे नाव छल. आणि त्याचा पहिला प्रकार वाक्छल. मराठीत येता येता 'ल'चा 'ळ' झाला आणि कपटाची गांजणूक झाली. सावत्र आईने पोराचा करावा, सावकाराने कुळाचा करावा, तो छळ. या एकाच शब्दाच्या पोटात असे दोन अर्थ आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता मूळ जर्मन शब्द पाहू. त्याचा शब्दशः अर्थ आहे 'एकत्र गोळा करण्याची छावणी', एकत्रीकरण छावणी. त्यात छळही नाही आणि कपटही नाही. शब्द मुळात जर्मनांचासुद्धा नव्हे. १८९६ साली क्यूबात बंडखोरांना खेड्यांतून दाणागोटा मिळू नये म्हणून स्पॅनिश सेनापती वेयलर याने तिथल्या शेतकऱ्यांना सक्तीने ठाण्याठाण्यांत 'एकत्र' केले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १९०० ते १९०२ या काळात, इंग्रजांनी तोच धडा गिरवला. तिथल्या छावण्यांत बोअरांची सुमारे २८,००० माणसे मेली, त्यांत २२,००० मुले होती. वेगळ्या छावण्यांत ठेवलेले निदान १४,००० काळे आफ्रिकी मेले. त्यांची धड मोजदादही कुणी ठेवली नाही. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने हे हाल डोळ्यांनी पाहिले आणि मायदेशी परतून सांगितले, तेव्हा इंग्लंडात गवगवा झाला. तरी कागदावर शब्द तोच राहिला : एकत्रीकरण. धान्याच्या पोत्यांना लावावा तसा.

मराठीत याला 'छळछावणी' म्हणणाऱ्याने शब्दाला शब्द ठेवला नाही. वस्तुस्थितीला शब्द ठेवला. मूळ शब्द जे झाकत होता ते भाषांतराने उघडे केले. भाषांतर मुळापेक्षा खरे निघण्याचे भाग्य फार थोड्या शब्दांना लाभते. म्हणूनच तो वर्गात हसण्यावारी निघाला याचे मला अधिक वाईट वाटले.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. दोन महिने उलटले नाहीत तोच म्यूनिकच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की शहराजवळ डाखाऊ येथे पाच हजार माणसे मावतील अशी एकत्रीकरण छावणी उघडत आहे. बातमी देणारा होता म्यूनिकचा पोलीसप्रमुख हाइनरिख हिमलर. २२ मार्चला ती उघडलीही, दारूगोळ्याच्या एका जुन्या कारखान्यात. लपवाछपवी काही नव्हती. नवे टपाल कार्यालय निघावे तशी ती जाहीर झाली आणि लोकांनी ती वाचून पान उलटले.

आधी आत गेले ते कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांचे पुढारी. त्यांच्यावर आरोप नाही, खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. अटकेचा कायदेशीर शब्द होता 'संरक्षक अटक'. कुणाचे कुणापासून संरक्षण, हे विचारायची सोय नव्हती. मग साक्सेनहाउझेन १९३६ साली, बुखेनवाल्ड १९३७ साली, माउटहाउझेन १९३८ साली, बायकांसाठी राफेन्सब्रुक १९३९ साली. कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत त्रिकोण शिवलेले : राजकीय कैद्याला तांबडा, गुन्हेगाराला हिरवा, समलिंगी पुरुषाला गुलाबी, 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या माणसाला जांभळा. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग जाळले गेले आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुष केवळ ज्यू म्हणून या छावण्यांत कोंबले गेले.

छळ म्हणजे काय ते इथे पाहावे. माउटहाउझेनला ग्रॅनाइटची खाण होती आणि खाणीतून वर यायला १८६ पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवरून पाठीवर धोंडे घेऊन उपाशी माणसांना चढायला लावीत. त्या छावणीत आणि तिच्या शाखांत मिळून निदान ९०,००० माणसे मेली. डाखाऊच्या फाटकावर अक्षरे होती : 'काम मुक्त करते.' बुखेनवाल्डच्या फाटकावर होते : 'ज्याचे त्याला.' हे दुसरे वचन जुने, न्यायाचे तत्त्व सांगणारे. फाटकावर ते अशा रीतीने बसवले होते की बाहेरून अक्षरे उलटी दिसावीत आणि आतून सुलटी. म्हणजे ते वाचायचे होते कैद्यांनी, रोज, हजेरीला उभे राहून. न्यायाच्या वचनाचा अर्थ फिरवून ते माणसाच्या डोळ्यांपुढे टांगायचे, याला आपल्या न्यायशास्त्राने वाक्छल म्हटले असते.

इथवर 'छळछावणी' हा शब्द पुरतो. यापुढे मात्र मराठीतला 'छळ' अपुरा पडतो.

१९४१च्या अखेरीपासून व्यापलेल्या पोलंडमध्ये निराळ्याच जातीची ठिकाणे उभी राहिली : खेल्मनो, बेल्झेत्स, सोबिबोर, ट्रेब्लिंका. आउशवित्झ-बिर्केनाऊ आणि मायदानेक येथे कैद आणि संहार अशी दोन्ही कामे चालत. या चार ठिकाणी मात्र माणसांना ठेवायचेच नव्हते. ट्रेब्लिंकाची छावणी जेमतेम सहाशे मीटर लांब आणि चारशे मीटर रुंद. जुलै १९४२ पासून वर्षभराच्या आत-बाहेर तिथे आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. ती राहिली कुठे, असा प्रश्न आधी माझ्याही मनात आला. ती राहिलीच नाहीत. गाडीतून उतरल्यापासून दोन-तीन तासांत सारे आटोपत असे. बंद खोल्यांत एंजिनाचा धूर सोडीत. मागे उरत ती थोडी माणसे, प्रेते ओढायला आणि कपड्यांचे ढीग लावायला. त्यांचीही पाळी पुढे येई.

या कामाला तिथे तीसेक जर्मन आणि शंभरेक पहारेकरी होते. एकेका गाडीतून हजारो माणसे उतरत. एवढ्या थोड्या हातांनी एवढ्या जमावाला आवरायचे कसे? त्याला उत्तर एकच होते : त्यांना कळू द्यायचे नाही. मराठीतला छळ करायला तिथे वेळच नव्हता. तिथे होता तो संस्कृतातला छल. फसवणूक हीच तिथली तटबंदी.

म्हणून ट्रेब्लिंकाला खोटे स्टेशन बांधले. तिकिटांची खिडकी रंगवलेली, पुढल्या गाड्यांच्या पाट्या, आणि एक घड्याळ. त्याचे काटे रंगाचे, वेळ कायमची सहा. रेडक्रॉसचे निशाण लावलेले एक 'इस्पितळ' होते. आत खड्डा. चालू न शकणारे म्हातारे, आजारी, अपंग यांना तिकडे नेऊन खड्ड्याच्या काठावर गोळी घालीत. बाकीच्यांना सांगत की ही वाटेतली छावणी आहे. आंघोळ करा, कपडे निर्जंतुक होतील, मग पुढे कामावर जायचे आहे. मौल्यवान वस्तू जमा करा.

छल स्टेशनावर सुरू होत नसे. तो शहरातूनच सुरू होई. वॉर्सात ज्यूंना एका वस्तीत भिंत घालून कोंडले होते. २२ जुलै १९४२ रोजी तिथे पत्रके लागली : पूर्वेकडे 'पुनर्वसन' होणार आहे, माणशी पंधरा किलो सामान घ्यावे. ज्यूंच्या मंडळाचा अध्यक्ष अॅडम चेर्नियाकुफ याने दुसऱ्याच दिवशी विष घेतले. त्याला शब्दाचा अर्थ कळला होता. थोड्या दिवसांनी आणखी पत्रके निघाली : जे आपण होऊन येतील त्यांना तीन किलो पाव आणि एक किलो जॅम मिळेल. दोन वर्षे उपाशी असलेल्या वस्तीत हे सांगितले गेले. ज्या राजवटीने पाव तोडला होता तीच आता पाव देऊ करीत होती, आणि पुष्कळ लोक मुलाबाळांना घेऊन गेले. त्यांना भोळे म्हणण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या माणसाला नाही. दोन महिन्यांत सुमारे २,६५,००० माणसे त्या शहरातून ट्रेब्लिंकाला गेली.

त्यांत यानुश कोरचाक हे डॉक्टर आणि मुलांसाठी लिहिणारे लेखक होते, त्यांच्या अनाथाश्रमातली सुमारे दोनशे मुले होती. पत्रके लागण्याच्या चारच दिवस आधी, १८ जुलैला, त्या मुलांनी आश्रमात एक नाटक केले होते : रवींद्रनाथांचे 'डाकघर'. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी मुलाचे ते नाटक आपण शाळेत वाचतो, बसवतो. त्याचा असाही एक प्रयोग झाला आहे, हे मला या वयात कळले.

पत्रांवरून आठवले. बोहेमियातल्या टेरेझिनच्या कोंडवस्तीतून आणलेली काही कुटुंबे आउशवित्झ-बिर्केनाऊला वेगळी ठेवली होती. मार्च १९४४ च्या सुरुवातीला त्यांना आप्तांना पोस्टकार्डे लिहायला लावली. आम्ही खुशाल आहोत. तारीख घालायला सांगितली ती दोन-तीन आठवडे पुढची. ८ मार्चच्या रात्री त्यांतल्या सुमारे ३,८०० जणांना गॅसने मारले. त्यानंतर कार्डे गेली. खुशालीची तारीख उजाडण्याआधीच लिहिणारा संपलेला होता. त्याच टेरेझिनमध्ये २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसचे पाहुणे आले. त्याआधी घरे रंगवली, बागा लावल्या आणि गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो माणसांना आउशवित्झला धाडून दिले. पाहुणे समाधानाने परतले.

आता हे शब्द ज्यांच्या लेखणीतून उतरले त्यांच्याकडे वळू. पंचनाम्यात कागदपत्रांना मोठे महत्त्व असते.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वानझे तलावाकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकारी जमले. बैठक दीड तासाची. अध्यक्ष राइनहार्ड हायड्रिख, इतिवृत्त ठेवणारा आडोल्फ आइशमान. इतिवृत्ताच्या तीस प्रती निघाल्या. युद्धानंतर, १९४७ साली, त्यांतली एक हाती लागली, सोळावी. तीत युरोपातल्या ज्यूंचा देशवार तक्ता आहे, एकूण एक कोटी दहा लाख. आयर्लंडसारख्या दूरच्या देशातले चार हजारसुद्धा कुणी विसरलेले नाही. पण 'मारणे' हे क्रियापद त्या इतिवृत्तात एकदाही येत नाही. 'स्थलांतर' येते, 'योग्य ती वागणूक' येते. पुढे १९६१ साली जेरुसलेमच्या खटल्यात आइशमाननेच सांगितले की बैठकीत बोलणे उघडउघड मारण्याचेच चालले होते. कागदावर ते सभ्य करून घातले. त्या पंधरांपैकी आठजण डॉक्टरेट मिळवलेले होते. शिक्षणाने माणूस सुसंस्कृत होतो, असे मी दर जूनमध्ये नव्या वर्गाला सांगत आलो आहे. यंदा सांगितले ते शेवटचे.

कागदावर सर्वांत अधिक वावरणारा शब्द होता 'विशेष वागणूक'. अर्थ : ठार मारणे. १९४३ च्या मार्चमध्ये रिखार्ड कोरहेर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ज्यूंच्या 'प्रश्ना'वर हिमलरला अहवाल दिला, त्यात हा शब्द होता. हिमलरकडून सूचना आली : ज्यूंच्या बाबतीत 'विशेष वागणूक' हा शब्द कुठेही नको, त्याऐवजी 'छावण्यांतून पुढे काढले' अशा अर्थाची शब्दरचना घाला. झाकण्यासाठी आणलेला शब्दच रक्ताने इतका भिजला होता की त्यालाही झाकायला दुसरा शब्द लागला. भाषा शिकवण्यात हयात घालवली, पण शब्दाचे असे मरण मी कुठल्या व्याकरणात वाचले नव्हते.

आणि एक तार. ११ जानेवारी १९४३ रोजी लुब्लिनहून हेर्मान ह्योफले या अधिकाऱ्याने वरिष्ठांना ती पाठवली. इंग्रजांनी ती वाटेत टिपली, पण तिचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला नाही. कागदांत पडून राहिलेली ती तार २००० साली ब्रिटिश दप्तरखान्यात संशोधकांच्या हाती लागली. तीत १९४२ च्या अखेरपर्यंतची बेरीज आहे. छावण्यांची नावेसुद्धा नाहीत, नुसती आद्याक्षरे. लुब्लिन-मायदानेक २४,७३३, बेल्झेत्स ४,३४,५०८, सोबिबोर १,०१,३७०, ट्रेब्लिंका ७१,३५५. एकूण १२,७४,१६६. आकड्यांवर मथळा आहे तो जर्मन शब्द मराठीत आणायला मला क्षणभरही कोश उघडावा लागला नाही. बाजार समितीच्या फळ्यावर कांद्यापुढे आपण तो रोज लिहितो : 'आवक'.

बेरीज मात्र जमत नाही. वाचकांनी हवी तर करून पाहावी. ट्रेब्लिंकाच्या आकड्यातला एक पाच कुठेतरी गळला आहे. तो हवा ७,१३,५५५. तो घातला की बेरीज अचूक लागते. एक अंक गळला आणि ६,४२,२०० माणसे त्या ओळीतून नाहीशी झाली. एखाद्या मोठ्या शहराएवढी. तळाची बेरीज तेवढी खोटे बोलली नाही. त्या बारा लाखांपैकी बेल्झेत्सची कथा सांगायला युद्धानंतर उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

'छावणी' या शब्दाने आणखी एक गोष्ट झाकली जाते, तीही नोंदवून ठेवतो. मारलेल्या सुमारे साठ लाख ज्यूंपैकी पुष्कळांनी छावणी पाहिलीच नाही. त्यांना त्यांच्याच गावाबाहेर खड्ड्यांच्या काठी उभे करून गोळ्या घातल्या. कीव्हजवळच्या बाबी यार या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ माणसे मारली, हा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आकडा. शिवाय रोमा लोक होते, सोव्हिएत युद्धकैदी होते, पोलिश होते. शब्द कितीही खरा असला तरी त्याच्या कुंपणाबाहेर माणसे राहतातच.

आता साक्षीदार.

प्रीमो लेवी हा चोवीस वर्षांचा इटालियन रसायनशास्त्रज्ञ फेब्रुवारी १९४४ मध्ये आउशवित्झला पोचला. त्याच्या गाडीत साडेसहाशे माणसे होती. आत घेतली ती सव्वाशे. त्यांच्या हातावर आकडे गोंदले. त्याचा १७४५१७. आपल्याला वाटते, नाव जाऊन नंबर येणे ही मानखंडनेची परिसीमा. पण सरळ गॅसकडे नेलेल्यांना नंबरसुद्धा मिळत नसे. नंबर ही जिवंत असल्याची खूण होती. लेवीच्या ध्यानात लवकरच आले की हुकूम जर्मनमध्ये सुटतात आणि ज्याला ते कळत नाहीत तो मार खाऊन लवकर मरतो. तेव्हा त्याने एका अल्सेसच्या कैद्याकडे जर्मनची शिकवणी लावली आणि फी म्हणून आपल्या वाट्याचा पाव दिला. मीही भाषेच्या शिकवण्या केल्या आहेत. इतकी मोठी फी आमच्या धंद्यात कधी कुणी दिली नसेल.

कैद्यांनी आपले शब्दही घडवले. बिर्केनाऊला लुटलेल्या सामानाची कोठारे होती. कपडे, भांडी, चष्मे, बाबागाड्या. त्या कोठारांना कैदी म्हणत 'कॅनडा', सुबत्तेचा दूरदेश. सरकारी शब्द जे होते ते झाकीत. कैद्यांचा हा शब्द थट्टेत का होईना, जे होते ते दाखवी.

वॉर्साच्या त्याच कोंडवस्तीत इमानुएल रिंगेलब्लुम नावाचा इतिहासकार होता. त्याने पन्नास-साठ जणांचे गुप्त मंडळ जमवले. शनिवारी भेटत म्हणून नाव 'शब्बाथचा आनंद'. त्यांनी काय जमवले? मुलांचे निबंध, रेशनची कार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे वेष्टनकागद, रोजनिशा, विनोद, आणि ती पाव-जॅमची पत्रकेसुद्धा. खेल्मनोहून निसटून आलेल्या एकाची साक्ष लिहून घेतली. ऑगस्ट १९४२ मध्ये गाड्या सुटत असतानाच त्यांनी कागदांच्या दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या, पुढल्या फेब्रुवारीत दुधाचे दोन कॅन भरून पुरले. मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम, त्याची बायको आणि मुलगा यांना गोळ्या घातल्या. मंडळापैकी तिघे वाचले. त्यांच्या सांगण्यावरून १९४६ साली विटामातीच्या ढिगाऱ्यातून पेट्या निघाल्या, १९५० साली कॅन निघाले. तिसरा साठा सापडला नाही.

त्यात निबंध होते, यावर मी थबकलो. शाळकरी पोरांनी आपल्या वस्तीवर लिहिलेले निबंध. कुणी तरी ते तपासले असणार.

पोलंडमधून निसटलेला राफाएल लेमकिन हा ज्यू वकील अमेरिकेत बसून या साऱ्याला नाव शोधत होता. १९४४ साली त्याने ग्रीक आणि लॅटिन जोडून 'जेनोसाइड' हा शब्द घडवला. मराठीत आपण वंशसंहार म्हणतो. त्याचे स्वतःचे ४९ नातलग या संहारात गेले होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्या शब्दावर करार केला. भारताने त्याला १९५९ साली अंतिम मान्यता दिली. 'विशेष वागणूक' घडवणारेही शब्दच घडवत होते आणि लेमकिनही. पहिल्यांना माणसे दिसेनाशी करायची होती, दुसऱ्याला ती दाखवायची होती.

असो. इतके वाचून झाल्यावर मी त्या मुलाला दुपारी शिक्षकांच्या खोलीत बोलावले. सगळे सांगितले नाही. घड्याळाचे सांगितले, पावाचे सांगितले, तारेचे सांगितले. तो बराच वेळ टेबलाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सर, पण आमचे हाल होतात ते खोटे नाही."

"खोटे आहे असे कोण म्हणतो?"

"मग त्याला काय म्हणू?"

"जे आहे ते म्हण. तू छळछावणी लिहिलेस, वर्ग हसला, मीही हसलो. तुझ्या हालांकडे कुणाचे लक्ष गेले नाही, आणि तिथे मेलेल्या माणसांकडेही गेले नाही. एका शब्दाने दोघांनाही झाकले."

आठवड्याने त्याने निबंध पुन्हा लिहून आणला. एका खोलीत सहाजण. पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा. रविवारी रात्री मेस बंद. ज्याच्या डब्यात गावाकडची चटणी उरली असेल तो ती मधे ठेवतो. खिडकीला काच नाही म्हणून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावला आहे, त्यावर अजून जून महिनाच आहे. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने शिक्षण सोडून गावी जायचे ठरवले आहे. साऱ्या निबंधात एकही अलंकार नव्हता. मी तो वर्गात वाचून दाखवला. कुणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी चार मुले कचेरीत द्यायचा अर्ज घेऊन शुद्धलेखन तपासून घ्यायला आली. मी तपासून दिला.

जुनी वही त्याने माझ्याकडेच ठेवली आहे. तिच्यातले त्याचे वाक्य मी तसेच राहू दिले. समासातला माझा शेरा मात्र खोडला आणि खाली तारीख घालून सही केली. पंचनाम्यात खाडाखोड झाली म्हणजे करतात तशी.